टर्नच्या शेवटी स्की सुटते, मांड्या पेटतात: कार्व्हिंगचा दर सीझनला परत येणारा प्रॉब्लेम

कार्व्हिंग म्हणजे स्की आडवी घसरवत न नेता तिच्या कडेवर बर्फ कापत वळणं. त्यातला प्रॉब्लेम आधी नीट सांगते, म्हणजे तुमचाही हाच आहे का ते लगेच कळेल. सकाळी निळ्या (म्हणजे सोप्या) स्लोपवर सगळं मस्त चाललेलं असतं, टर्न गोल येतात, वाटतं की यंदा जमलं एकदाचं. मग लाल (म्हणजे मध्यम अवघड) स्लोपवर जातो, किंवा तोच निळा स्लोप दुपारपर्यंत घासून घासून कडक झालेला असतो, आणि टर्न सुरू करताना काही वेगळं वाटत नाही पण टर्नच्या शेवटच्या भागात बाहेरच्या (वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या) स्कीची टेल, म्हणजे मागचं टोक, खर्रकन खाली सुटते. तोल सावरायला आपण अजून मागे बसतो, त्यामुळे पुढचा टर्न उशिरा सुरू होतो, मग खांदा फेकून स्की वळवावी लागते आणि ती परत सुटते. पाच-सहा टर्नमध्ये मांड्यांचा पुढचा भाग असा पेटतो की कडेला थांबून दम खावा लागतो, आणि बाजूने साठीच्या आजी शांतपणे दोन बारीक रेषा काढत निघून जातात.

मी म्युनिकला राहते, स्की शिकले वयाच्या चौतिसाव्या वर्षी, बहुतेक सगळं लेंगग्रीसच्या ब्राउनेकवर आणि अधूनमधून गार्मिशला (दोन्ही म्युनिकजवळची स्कीची ठिकाणं). हा प्रॉब्लेम मला सलग चार सीझन होता. दर वर्षी एक-दोन दिवस क्लास लावायचे, शिक्षक सांगायचे "पुढे ये, गुडघे वाकव", त्या दिवशी सुधारायचं, आणि पुढच्या जानेवारीत पहिल्याच दिवशी जसंच्या तसं परत. पाचव्या सीझनला मी ठरवलं की नवीन स्लोप, नवीन गाव काही नको, फक्त हा एक प्रॉब्लेम सोडवायचा. तो बऱ्यापैकी सुटला. कसा, ते इथे सगळं लिहिते आहे, कारण मराठीत यावर नीट लिहिलेलं मला तेव्हा काही सापडलं नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते. स्की सुटते टर्नच्या शेवटी, पण चूक झालेली असते टर्नच्या अगदी सुरुवातीला, स्की उताराच्या दिशेने वळायच्याही आधी. मी चार वर्षं शेवट दुरुस्त करत बसले होते, म्हणजे स्की सुटायला लागली की जोरात एज (स्कीची कड) दाबायची, पाय कडक करायचे, आणि त्याने ती जास्तच सुटायची.

तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते आधी बघा

चेअरलिफ्टच्या खालून जाणारा स्लोप निवडा, सकाळी पहिल्या अर्ध्या तासात, जेव्हा मशीनने कोरलेल्या रेघा अजून शाबूत असतात. पाच-सहा टर्न करा आणि वर जाताना स्वतःच्या खुणा बघा. खरं कार्व्हिंग असेल तर बैलगाडीच्या चाकोरीसारख्या दोन बारीक समांतर रेषा दिसतात, कारण स्कीचं टोक जिथून जातं तिथूनच टेलही जाते, बर्फ कापला जातो, खरवडला जात नाही. घसरत असाल तर झाडूने सारवल्यासारखा रुंद पट्टा दिसतो. माझ्या खुणा कशा होत्या, तर सुरुवातीला पट्टा, मधे थोडी रेषा, आणि शेवटी मोठा पंखा उघडल्यासारखा पट्टा. तो शेवटचा पंखा दिसला की समजायचं, हेच.

दुसरी खूण शरीरातच असते. दुपारी कुठे दुखतंय ते बघा. मांडीचा पुढचा भाग जळतोय, बुटात बोटं आवळलेली आहेत, अंगठ्याची नखं दुखतायत, तर तुम्ही मागे बसून स्की करताय. बरोबर उभं राहिलं की दिवसाच्या शेवटी पाय दमतात पण असे पेटत नाहीत. आणि तिसरी गोष्ट, मित्राला खाली उभं करून एकदा मागून आणि एकदा पुढून व्हिडिओ काढायला सांगा. आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण फार वेगळे दिसतो. मला शपथेवर वाटत होतं की मी पुढे झुकलेली आहे, व्हिडिओत मी खुर्चीत बसल्यासारखी दिसत होते.

असं का होतं

कार्व्हिंग स्कीला कमरेसारखा आकार असतो, टोक आणि टेल रुंद, मधे बारीक. म्हणून ती कडेवर तिरकी केली आणि वर वजन दिलं की वाकते आणि आपोआप गोल जाते. स्कीच्या टेलजवळ एक आकडा छापलेला असतो, आर १३, आर १६ असा, तो त्या आकाराचा रेडियस मीटरमध्ये. पण प्रत्यक्षातला टर्न त्याहून लहान होतो, जितकी जास्त तिरकी कराल तितका लहान. हिशोब ढोबळ आहे पण उपयोगी आहे: १४ मीटरची स्की ३० अंश तिरकी केली तर साधारण १२ मीटरचा गोल, ४५ अंशांना १०, आणि ६० अंशांना ७ मीटर. म्हणजे टर्न लहान करायला स्की वळवायची नसते, अजून तिरकी करायची असते. हे डोक्यात बसायला मला वेळ लागला कारण आधी प्लाउ (स्कीची पुढची टोकं जवळ आणून व्ही आकारात घसरणं) शिकताना आपण वळवायलाच शिकलेलो असतो.

आता मागे बसलं की काय होतं, तर स्कीच्या पुढच्या भागावरचं वजन जातं. टर्न पकडायचं काम पुढच्या भागाचं, तो हलका झाला की बर्फात रुततच नाही. टर्न सुरू होत नाही म्हणून आपण कंबर किंवा खांदा फिरवून स्की जबरदस्तीने आडवी करतो. आडवी केलेली स्की एजवर येते तेव्हा ती आधीच घसरत असते, आणि घसरणाऱ्या स्कीला मधेच रेषेत आणणं कडक बर्फावर जवळजवळ अशक्य. त्यात टर्नच्या शेवटी जोर सगळ्यात जास्त असतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने १२ मीटरच्या गोलात गेलात तर सपाटीच्या हिशोबाने अंगावर वजनाच्या साधारण १.३ पट भार येतो, साठ किलोचा माणूस ऐंशीच्या आसपास, आणि टर्नच्या खालच्या भागात उताराचा ओढा त्यातच मिसळतो. हा भार बाहेरचा पाय लांब आणि सरळसा असेल तर हाडांवर जातो. गुडघा काटकोनात वाकवून बसलेला असाल तर तो सगळा मांडीच्या स्नायूवर येतो, मग ती पेटणारच.

आणि मागे बसलेल्या माणसाच्या स्की टर्न संपताना पुढे पळतात, अंग मागे राहतं, म्हणजे पुढचा टर्न अजून मागून सुरू होतो. म्हणून पहिला टर्न बरा, तिसरा वाईट आणि सहावा हाताबाहेर. तुमच्या व्हिडिओत पहिल्या आणि सहाव्या टर्नची तुलना करून बघा, हे स्पष्ट दिसतं.

आपण बरोबर घेऊन आलेल्या दोन सवयी

हे मला कुठल्या शिक्षकाने सांगितलं नाही, सांगणार तरी कसं, त्यांना माहीतच नाही. पण इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींना स्की करताना बघून बघून मला पक्कं वाटायला लागलंय.

पहिली सवय सह्याद्रीची. ज्यांनी ट्रेक केलेत त्यांना घसारा माहीत आहे. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट असो की कुठलाही सुट्या मातीचा उतार, आपण काय करतो, अंग मागे टाकतो, टाचा रोवतो, फारच झालं तर बूड टेकवून उतरतो. तिथे ते बरोबरच आहे, त्यानेच वाचतो. पण मेंदूत एक गोष्ट पक्की बसते, उतार आला की मागे. स्कीवर उलटं लागतं, उतार जितका तीव्र तितकं अंग उताराबरोबर खाली न्यावं लागतं, कारण उभं राहायचं असतं ते स्लोपला काटकोनात, झाडासारखं सरळ आकाशाकडे नाही. इथली मुलं तीन-चार वर्षांची असताना स्कीवर उभी राहतात, त्यांना घसारा शिकवलेलाच नसतो.

दुसरी सवय टू-व्हीलरची. मी पुण्यात पंधरा वर्षं स्कूटी चालवली. गाडीवर वळताना आपण गाडीसकट सगळे आत कलतो, डोकं खांदे सगळं एका रेषेत, आणि तेच स्कीवर करतो. पण गाडीला चाकं एकामागे एक आणि स्की शेजारीशेजारी. सगळं अंग आत कललं की वजन आतल्या स्कीवर जातं, बाहेरची हलकी होते, आणि टर्न धरून ठेवायचं काम तर बाहेरच्याच स्कीचं. म्हणजे आतला खांदा खाली पडला की बाहेरची स्की सुटलीच. रेसर लोक पार बर्फाला टेकेपर्यंत आत झुकलेले दिसतात ते वेगळं, त्यांच्या वेगाला तेवढा भार असतो आणि तेव्हाही त्यांची छाती बाहेरच्या स्कीकडे राखलेली असते. अमेरिकन स्की रेसर मिकाएला शिफ्रिनचा कुठलाही स्लो-मोशन व्हिडिओ बघा (२०२५ च्या फेब्रुवारीत तिने सेस्ट्रिएरेला वर्ल्ड कपचा शंभरावा विजय मिळवला), बाहेरचा पाय जवळजवळ सरळ, आतला पार दुमडलेला, आणि कमरेच्या वर सगळं शांत.

मग उभं राहायचं कसं? दोन चित्रं मला कामाला आली. एक कबड्डीचं. चढाईला गेलेला खेळाडू मध्यरेषेपलीकडे कसा उभा असतो, घोटे वाकलेले, गुडघे थोडे, पाठ किंचित गोल, हात पुढे आणि रुंद, वजन तळपायाच्या मधोमध, कुठल्याही क्षणी कुठेही निसटायला तयार. स्कीची मूळ उभं राहायची पद्धत तीच. लक्ष द्यायचं ते घोट्यावर, कारण गुडघे वाकवून घोटे न वाकवले की बूड मागे जातं, दुसरं काही होऊच शकत नाही. नडगी बुटाच्या जिभेला सतत टेकलेली हवी. जोरात रेटायची नाही, टेकलेली.

दुसरं चित्र कळशीचं. माझी आजी विहिरीवरून कमरेवर कळशी घेऊन यायची. डाव्या कमरेवर कळशी असेल तर कंबर डावीकडे बाहेर निघते आणि छाती उजवीकडे झुकते, नाहीतर तोल जाईल. डावीकडे वळताना अगदी हेच करायचं: कंबर टर्नच्या आत म्हणजे डावीकडे, आणि छाती बाहेरच्या म्हणजे उजव्या स्कीवर. इंग्रजीत शिकवणारे याला अँग्युलेशन म्हणतात आणि त्यावर तासभर बोलतात. मला तो शब्द ऐकून काहीच झालं नव्हतं, पण एकदा "आत कळशी" असं मनात म्हटलं आणि बाहेरची स्की खिळा ठोकल्यासारखी बर्फात बसली. ज्यांनी कळशी घेतलीच नाही त्यांनी कडेवर मूल घेतलेलं आठवा, तेच आहे.

बूट, ज्यावर मी चार वर्षं लक्ष दिलं नाही

आता हा भाग कृपा करून उडी मारून पुढे जाऊ नका. तंत्र कितीही सुधारा, बूट मोठा असेल तर मागे बसणं थांबत नाही. मी एका दुकानातून भाड्याने २६.५ चे बूट घ्यायचे, मऊ, ऊबदार, छान वाटायचे, आणि दुकानवाल्यानेही "कम्फर्टेबल आहे ना, मग झालं" म्हणून दिले होते. माझा पाय मोजला तर २४.३ सेंटीमीटर. स्की बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटीमीटरमधली लांबी असते, म्हणजे मी दोन नंबर मोठा बूट घालून चार वर्षं शिकत होते. मोठ्या बुटात टाच वर उचलली जाते, नडगी आणि जीभ यांच्यात जागा राहते, पाय तिरका केला तरी स्की तिरकी व्हायला उशीर लागतो, आणि पाय पुढे सरकू नये म्हणून बोटं आवळली जातात. बोटं आवळली की वजन टाचेवर. इतकं साधं आहे ते.

तपासायचं असं. आतलं लायनर (मऊ अस्तर) काढा, रिकाम्या शेलमध्ये (बाहेरच्या कडक कवचात) पाय घाला, बोटं पुढे हलकी टेकवा, आणि टाचेमागे किती जागा राहते बघा. एक ते दोन सेंटीमीटर, म्हणजे एक-दोन बोटं, ठीक. तीन बोटं जात असतील तर बूट मोठा आहे, कितीही आरामदायक वाटू दे. पायमोजा एकच आणि पातळ घालायचा, दोन जाड मोजे घालून ऊब वाढत नाही, रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतात. थर्मलची पँट बुटाच्या आत खुपसायची नाही. बकल लावताना आधी टाच मागे आपटून बसवायची, मग वरचे दोन घट्ट आणि पुढचे पायावरचे फक्त टेकतील इतके. बरेच जण उलट करतात, पुढचे आवळतात आणि वरचे सैल.

मी शेवटी स्वतःचे बूट घेतले, २४.५. पहिले दोन दिवस रडायला आलं होतं इतके घट्ट वाटले, तिसऱ्या दिवसापासून लायनर बसलं. एक छोटी गोष्ट अजून, टाचा जमिनीवर टेकवून उकिडवं बसता येतं का बघा. आपल्यातल्या बऱ्याच जणांना येतं आणि तो मोठा फायदा आहे, घोटा चांगला वाकतो. ज्यांना येत नाही, टाचा उचलल्या जातात, त्यांनी बुटात टाचेखाली पातळ पट्टी घालायचा विचार बूटफिटरला विचारून करावा, नाहीतर घोटा वाकायची जागाच नसते आणि शिक्षक ओरडत राहतात.

मी काय काय केलं

सगळं निळ्या स्लोपवर. जमतंय म्हणून तिसऱ्याच दिवशी लाल स्लोपवर नेऊ नका, भीती वाटली की जुनं शरीर परत येतं आणि भीतीवर कुठलं तंत्र चालत नाही. मी पूर्ण आठ दिवस, वेगवेगळ्या वीकेंडना, निळ्यावरच काढले.

सुरुवात वरचे बकल पूर्ण सैल करून, सगळ्यात सौम्य उतारावर, हळू. बूट धरून ठेवत नाही म्हटल्यावर मागे बसलात की लगेच कळतं, बूट मागून आधारच देत नाही. दोन रन (वरून खालपर्यंतच्या फेऱ्या) पुरे. हे तीव्र उतारावर करू नका.

मग रेल्वेच्या रुळांचा सराव. जवळजवळ सपाट उतार, पाय कमरेएवढे रुंद, सरळ खाली सुटायचं आणि काहीही न वळवता दोन्ही घोटे-गुडघे एका बाजूला थोडे कलंडवायचे, पाच-दहा अंश फक्त, आणि थांबून वाट बघायची. स्की स्वतः वळायला लागते. सगळ्यात अवघड भाग वाट बघण्याचा, कारण पाय सवयीने वळवायला जातात. मग मागे वळून खुणा बघायच्या. दोन रेषा आल्या की त्या दिवशी मी चक्क ओरडले होते. पाय एकमेकांना चिकटवायचे नाहीत, ते जुन्या सरळ लांब स्कींच्या काळातलं. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने एससीएक्स ही खोल आकाराची स्की आणली आणि त्यानंतर सगळी तऱ्हाच बदलली, पण पाय चिकटवायचा सल्ला देणारे काका अजून प्रत्येक ग्रुपमध्ये भेटतात.

तिसरा सराव एकाच टर्नचा, आणि निदान करायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. सरळ खाली सुटा, एका बाजूला एजवर या, आणि तसंच धरून ठेवा, स्की गोल फिरून स्लोपच्या वरच्या दिशेला चढून आपोआप थांबेपर्यंत. खूण बघा. इंग्रजी J अक्षरासारखा आकार आणि शेवटपर्यंत बारीक रेष आली पाहिजे. जिथे रेष रुंद झाली तिथे नेमकं काय केलं ते आठवा, माझं जवळजवळ नेहमी त्या जागी डोकं आत वळलेलं असायचं. दोन्ही बाजूंना करा. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते, माझी उजवीकडे वळताना, म्हणजे डावा पाय बाहेर असताना. कच्च्या बाजूचे तिप्पट करायचे.

आणि आता तो सराव ज्याने खरं कुलूप उघडलं. आतल्या स्कीची टेल उचलायची, टोक मात्र बर्फावरच ठेवायचं. टोक खाली आणि टेल वर हे मागे बसून करताच येत नाही, करून बघा, मागे असाल तर आधी टोकच वर येतं. म्हणजे हा सराव स्वतःच परीक्षाही घेतो. पण कधी उचलायची हे फार महत्त्वाचं. मी आधी टर्नच्या मध्यावर उचलायचे, स्की खाली उताराकडे तोंड करून झाल्यावर, तेव्हा ते सोपं जातं आणि काही शिकवत नाही. टेल उचलायची टर्नच्या अगदी सुरुवातीला, जुना टर्न संपल्या संपल्या, जेव्हा नवीन बाहेरची स्की अजून वरच्या बाजूला असते. त्या क्षणी वरच्या पायावर पूर्ण वजन देऊन स्वतःला खाली उताराकडे झोकून द्यायचं असतं, आणि पहिल्या वेळी अंगावर काटा येतो. पण एकदा तिथे बाहेरच्या पायावर उभं राहिलं की टर्नच्या शेवटी काही करावंच लागत नाही, स्की आधीपासून वाकलेली असते, धरून असते. मी हे रोज सकाळी चार रन करायचे, फक्त हेच.

काठ्या ओढायचा सरावही करा, दोन्ही काठ्यांची टोकं पूर्ण टर्नभर बर्फावर टेकलेली ठेवायची. आतली आपोआप टेकते, बाहेरची टेकवायला छाती बाहेर न्यावी लागते, कळशी आपसूक येते. काठ्या आडव्या ताटासारख्या हातात धरून त्यावर भरलेलं वरण सांडू द्यायचं नाही असं समजून जाणं हा त्याचाच भाऊ, खांदे फिरवणाऱ्यांनी तो जास्त करावा.

क्रम लक्षात राहायला मी तीन शब्द म्हणते: सपाट, धार, भार. आधी दोन्ही स्की क्षणभर सपाट होतात, मग धार म्हणजे एज लागते, मग भार वाढतो. सुटणाऱ्या टर्नमध्ये क्रम चुकलेला असतो, सपाट हा टप्पाच आपण घाईत गाळतो, कारण उताराकडे तोंड करून सपाट स्कीवर अर्धा सेकंद उभं राहायची भीती वाटते, म्हणून पटकन पाय फिरवून आडवं व्हायचं असतं. त्या अर्ध्या सेकंदाला सरावाने ओळखीचं करायचं. मोठ्याने म्हणा, हेल्मेटच्या आत कोणाला ऐकू जात नाही.

एजला धार आहे का

हे थोडक्यात. नखाची कड स्कीच्या एजवर आडवी हलकी ओढा, नखाचा पांढरा चुरा निघाला तर धार आहे, नुसतं घसरलं तर नाही. कृत्रिम बर्फ सकाळी फार कडक असतो, बोथट एजवर तिथे कितीही चांगलं तंत्र असलं तरी स्की सुटणारच, आणि मग आपण स्वतःला दोष देत बसतो. भाड्याने घेताना मधे ६८ ते ७५ मिलिमीटर रुंद आणि रेडियस १३ ते १५ च्या आसपासची स्की मागा. ९५ मिलिमीटरची रुंद स्की भुसभुशीत बर्फासाठी, तिच्यावर कार्व्हिंग शिकणं उगाच अवघड.

वेग वाढतो त्याचं काय करायचं

घसरणं म्हणजेच ब्रेक, कार्व्हिंग सुरू झालं की तो ब्रेक गेला. म्हणून वेग एकदम वाढतो आणि माणूस घाबरून परत मागे बसतो, बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम इथूनच परत येतो. वेग कमी करायचा तो टर्न पूर्ण करून, स्की पार आडव्या होईपर्यंत आणि थोड्या वरच्या बाजूला चढेपर्यंत धरून. शेवट अर्धवट सोडला की दर टर्नला वेग साठत जातो.

पण इथे एक गोष्ट मनापासून सांगते. टर्न वरच्या बाजूला नेताना तुम्ही स्लोपच्या पूर्ण रुंदीत फिरता आणि वरून येणाऱ्याला तुम्ही कुठे जाणार ते कळत नाही. फिसच्या (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या) दहा नियमांमध्ये मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं असं आहे, पण वरच्या दिशेला जाताना वर-खाली दोन्हीकडे बघायची जबाबदारी आपली असते. तो एकाच टर्नचा सराव तर रिकाम्या स्लोपवर सकाळीच करा. मी एकदा वर न बघता केला आणि एक माणूस माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. त्या दिवशी पुढे काही स्की केली नाही.

भारतात शिकत असाल तर औलीचा सारखा केलेला स्लोप यासाठी चांगला. गुलमर्गला गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून अफरवतला, सुमारे ३,९८० मीटरवर, लोक खोल भुसभुशीत बर्फासाठी जातात, तिथे हे सराव करता येत नाहीत, खालच्या सौम्य स्लोपवर करा.

परत आला तर

येतो. मलाही दर सीझनला पहिल्या दिवशी येतो, उन्हाळाभर शरीर विसरतं. फरक इतकाच की आता मला दोन तास लागतात, आधी पूर्ण सीझन जायचा. पहिल्या दिवशी पहिले दोन रन बकल सैल, मग रेल्वेचे रूळ, मग चार रन आतल्या स्कीची टेल उचलून, दोन्ही बाजूंना एकेक पूर्ण टर्न, आणि मग चेअरलिफ्टवरून खाली बघायचं. पट्टा दिसला तर परत तेच. या जानेवारीत ब्राउनेकवर तिसऱ्या फेरीला खाली बघितलं तर डावीकडचे टर्न रेषेत होते आणि उजवीकडच्यांच्या शेवटी अजून हातभर पंखा होता, म्हणून जेवणाआधी उजवीकडचे अजून दहा केले.